आतल्या खोलीतली जाग

खुरासणी फुलली की माझी झोप पातळ होते. दरवर्षी असंच होतं. भाताची कापणी उरकत आलेली असते, खाचरांत पेंढ्याचे भारे उभे असतात, आणि जव्हारहून मोखाड्याला जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना उतारावर ती पिवळी फुलं अशी पसरतात की जीपमधला रोजचा माणूसही बोलता बोलता थांबून बाहेर बघतो. दिवसा उन्हाला चटका असतो. संध्याकाळी गारवा उतरतो, आणि रात्री कुठल्या तरी पाड्यावरून फुंकलेल्या तारप्याचा सूर कधी जवळ, कधी लांब असा येत राहतो. या दिवसांत मला मध्येच जाग येते आणि मी कान देऊन पडून राहतो.

यंदा त्या जाग येण्याला कारण मिळालं आहे. माझी मुलगी मयूरी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. माहेर म्हणजे मी एकटाच. बाळ आता मान धरायला लागलं आहे. रात्री ते उठतं तेव्हा आधी नुसतं कुरकुरतं, मग ओठांचा चुटचुट आवाज करतं, आणि तरीही कोणी लक्ष दिलं नाही तर मग रडतं. ती दोघं आतल्या खोलीत, मी बाहेरच्या. बाळ रडायच्या आत मी उठून बसलेला असतो. मयूरीला याचं हसू येतं.

"बाबा, तुम्ही कशाला उठता? तुमच्याकडे काय आहे त्याला द्यायला?"

"तुला पाणी देतो ना," मी म्हणतो.

पाजताना बाईला तहान लागते. मी पाणी कोमट करून तिला नेऊन देतो, तांब्या खाली ठेवतो आणि बाहेर येऊन बसतो. आतून दूध गिळण्याचा आवाज येतो. हा आवाज किती लहान असतो, आणि घर झोपलेलं असलं की तो किती स्पष्ट ऐकू येतो! पहिल्या रात्री तो ऐकला तेव्हा मी भिंतीला टेकून बसलो, आणि बाळ झोपल्यावरही तसाच बसून राहिलो. इतक्या वर्षांनी तो आवाज पुन्हा या घरात आला होता. याच खोलीत, याच दाराआड.

सुनीता, माझी बायको, मयूरीला कुशीवर पडून पाजायची. लग्नाला तेव्हा तीन वर्षं झाली होती. मी मोखाड्याला पंचायत समितीत नवा लागलेला, सकाळी जीपने जायचो आणि अंधार पडता पडता परत यायचो. मयूरी वर्षाची व्हायची होती. रात्री ती कितीदा उठते हे मला ठाऊकच नसायचं, कारण ती पुरती जागी व्हायच्या आतच सुनीताचा हात तिच्या पाठीशी गेलेला असायचा. दोघी अर्धवट झोपेतच एकमेकींना सापडायच्या. मयूरीला पिताना सुनीताचं मंगळसूत्र मुठीत धरायची सवय होती. सकाळी सुनीताच्या गळ्यावर मण्यांचे वळ दिसायचे. ते चोळत ती चहा करायची आणि म्हणायची, "तुमच्या लेकीने रात्री माझा लगाम धरला होता."

पावसाळा सरत आला तेव्हा मयूरीने उजव्या बाजूला पिणं सोडलं. तोंड लावायची आणि सोडून द्यायची. सुनीताला तिथे एक गाठ लागत होती. आमच्या आईने, शेजारच्या बायकांनी, सगळ्यांनीच सांगितलं की दुधाची गाठ असेल, शेक, म्हणजे जाईल. अंगावर पाजणाऱ्या बाईला गाठी होतातच. सुनीताने शेकलं. गाठ जाईना, तेव्हा आम्ही गावातल्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी हाताने तपासलं आणि खुर्चीत बसता बसताच मुंबईच्या इस्पितळासाठी चिठ्ठी लिहायला घेतली. त्यांनी एकदाही दुधाची गाठ असा शब्द उच्चारला नाही, तेव्हाच मला कळायला हवं होतं ते थोडंसं कळलं.

मुंबईच्या डॉक्टरीणबाई शांत होत्या. कर्करोग हा शब्द त्यांनी मराठीत सांगितला आणि मग सुनीताकडे बघून म्हणाल्या, "औषधं जड आहेत. ती दुधात उतरतात. ती सुरू व्हायच्या आत बाळाचं पिणं पूर्ण बंद करावं लागेल."

सुनीताने आजाराबद्दल काही विचारलं नाही. तिने विचारलं, "रात्रीचंसुद्धा?"

"रात्रीचंसुद्धा."

परतीच्या एस.टी.त वाडा गाव मागे पडलं तेव्हा मयूरी रडायला लागली. सुनीता माझ्याकडे वळली. "अहो, अजून औषध सुरू झालेलं नाही ना?"

"नाही."

"मग आज पिऊ दे."

पदर पुढे ओढून तिने विक्रमगडपर्यंत तिला घेतलं. गाडी घाट चढायला लागली तेव्हा मयूरी झोपली होती, तरी तिने तिला दूर केलं नाही. बाहेर खुरासणी फुलली होती. सुनीता त्या पिवळ्या उतारांकडे बघत होती की नुसतीच काचेकडे, ते मला सांगता येणार नाही.

मग ते दूध तोडणं आलं. आईने कोरफडीचा गर लावायला सांगितला. सगळ्याच घरांत करतात तसं. मयूरीने तोंड लावलं, चेहरा वाकडा केला, जीभ बाहेर काढून आमच्याकडे बघितलं आणि पुन्हा तोंड लावून प्यायला लागली. कडू संपेपर्यंत तिने दम धरला. सुनीता हसायला लागली. "बघा, हिला चालतंय," म्हणाली, आणि हसता हसताच तिने तोंड फिरवलं.

त्याच दिवसांत काशी आली होती. काशी दाभोशाची. रानभाजी, कंद, असं काहीबाही घेऊन बाजाराच्या दिवशी जव्हारला यायची आणि परतीची जीप भरेपर्यंत आमच्या ओट्यावर टेकायची. तिचं पोर मयूरीच्याच वयाचं, पाठीला बांधलेलं. सुनीताशी तिचं बरं जमायचं. आत मयूरी रडत होती, सुनीता तिला वाटीने गाईचं दूध देत होती आणि ती ते थुंकत होती. काशीला सुनीताने काय ते सांगितलं. काशीने पाठीवरचं पोर पुढे घेतलं. मग म्हणाली, "वयनी, माझा पोर अजून अंगावर हाय. हिला पाजू का?"

मी दारातच होतो. आमच्या आईच्या चेहऱ्याकडे बघायचं मी टाळलं. सुनीताने क्षणभरही वेळ घेतला नाही. मयूरीला उचलून तिने काशीच्या मांडीवर ठेवलं.

मयूरीने तोंड लावलं. दोन घोट घेतले असतील. मग तिने मान मागे घेतली, काशीच्या तोंडाकडे नीट बघितलं, मग सुनीताकडे बघितलं आणि इतक्या जोरात रडली की रस्त्यावरचे लोक थांबले. काशीचा पदर भिजला होता. ती म्हणाली, "तिला तुझाच वास पायजे, वयनी. मी काय करू?"

"तू काय करणार," सुनीता म्हणाली. "बस. चहा टाकते."

दिवाळी झाल्यावर काशीचं सगळं घर भिवंडीकडे वीटभट्टीवर गेलं. तिचा ओट्यावरचा कोपरा मोकळा राहिला.

एका अंथरुणात राहून मयूरीचं पिणं सुटणार नाही हे सुनीतानेच ओळखलं. आमचं घर दोन खोल्यांचं. मी आणि मयूरी बाहेरच्या खोलीत आलो, सुनीता आणि आई आतल्या. मधलं दार लावून घेतलं. रात्रीसाठी सुनीता नागलीचं सत्त्व पातळ शिजवून थर्मासमध्ये भरून ठेवायची. वाटी, चमचा, पुसायला मऊ फडकं, सगळं माझ्या उशाशी मांडून द्यायची. एका पोराला रात्री चमच्याने भरवणं काय असतं ते मी तेव्हा शिकलो. पोर भुकेलं असतं आणि भूक त्या वाटीतल्या वस्तूची नसते. मयूरी चमचा ढकलायची, माझ्या शर्टाच्या बटणांत तोंड खुपसायची, तिथे काही सापडलं नाही की मान वर करून अंधारात माझ्याकडे बघायची. मग रडायची. मी तिला खांद्यावर घेऊन खिडकीपासून दारापर्यंत चालायचो.

पहिल्या काही रात्री सुनीता आतून बोलायची. "झोप गं बाळा. बाबा आहेत ना." तिचा आवाज आला की मयूरी माझ्या खांद्यावर ताठ व्हायची. रडणं थांबायचं. ती दाराकडे बघत राहायची. आता दार उघडणार, अशी तिची खात्री असायची. दार उघडायचं नाही, आणि मग ती जे रडायची ते ऐकवायचं नाही.

एके सकाळी सुनीता मला म्हणाली, "आजपासून मी रात्री बोलणार नाही. मी बोलले की तिला वाटतं, मी येणार."

त्या रात्रीपासून आतून काही ऐकू येईनासं झालं. पण पोराचे कान फार तीक्ष्ण असतात. सुनीताने कूस बदलली की बांगड्या वाजायच्या आणि मयूरी तेवढ्यानेही दाराकडे झेपावायची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुनीता जुन्या लुगड्याच्या चिंध्या काढून बसली. दोन्ही मनगटांवर बांगड्यांच्या वरून तिने त्या गुंडाळल्या आणि मला म्हणाली, "जरा गाठ मारा. एका हाताने येत नाही." मी गाठ मारली. मग हे रोजचंच झालं. जेवणं आटोपली की ती हात पुढे करायची आणि मी तिच्या बांगड्यांचा आवाज बांधून टाकायचो.

औषधं सुरू झाली. मुंबईला जायचं, चार दिवस तिथे नातेवाइकांकडे काढायचे, परत यायचं. सुनीताचे केस गेले. जेवण पोटात ठरेना. तरी सकाळी मी परसात गेलो की दोरीवर तिचे धुतलेले झंपर वाळत असायचे, कधी दोन, कधी तीन. मला आधी कळलं नाही. मग एकदा ती धूत असताना मी गेलो, तर म्हणाली, "ती रडली की येतं. मी कितीही घट्ट बांधलं तरी येतं. त्याला काय माहीत, बंद करायचंय म्हणून."

मी तिच्या हातातून बादली घेतली. तिने घेऊ दिली.

एक दिवस दोरीवर झंपर नव्हता. चहा देताना तिनेच सांगितलं. "थांबलं."

बस, एवढंच. पुढे ती स्टोव्ह पुसत राहिली.

अशा गोष्टींबद्दल कोणी बोलत नाही. घरात मरण येतं तेव्हा माणसं जमतात. पण त्याच्याही आधी बाईच्या अंगातून एक एक गोष्ट निघून जाते आणि त्या दिवशी घरात रोजच्यासारखाच चहा होतो. मी त्या दिवशी जीप पकडून मोखाड्याला गेलो. कचेरीत कामं केली. दुपारी डबा उघडला तर तिने त्यात माझ्या आवडीची वालाची उसळ दिली होती.

मयूरी हळूहळू सत्त्व खायला लागली. रात्रीच्या हाका बदलल्या. आधी नुसतं रडणं असायचं, मग एका रात्री तिने झोपेतून उठून स्पष्ट "बाबा" म्हटलं. मी तिला उचललं आणि नकळत दाराकडे बघितलं. सकाळी सुनीता म्हणाली, "तुम्हाला हाक मारली तिने."

"हो."

"चांगलं झालं," ती म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "चांगलं झालं." जणू पहिल्यांदा म्हणताना ते नीट बसलं नव्हतं.

थंडी सरता सरता एका रात्री मयूरी उठलीच नाही. मला मात्र सवयीने जाग आली. तिचा श्वास बघितला, चांगली झोपली होती. आतल्या दाराच्या फटीतून मला उजेड दिसला. हळूच दार ढकललं. आई एका कडेला झोपली होती. सुनीता भिंतीला टेकून बसलेली, डोक्याला रुमाल, हातांवर चिंध्या.

"आज उठली नाही?" तिने कुजबुजत विचारलं.

"नाही. तू का जागी?"

"मी तर रोजच असते," ती म्हणाली.

मी तिच्याजवळ बसलो. तिने डोक्यावरचा रुमाल सारखा केला. मग म्हणाली, "आता ती रात्री कोणाला मागणार नाही. म्हणजे झालं एकदाचं."

त्याच सुमारास औषधांचा एक टप्पा संपला. मधले काही आठवडे तिला जरा बरं वाटत होतं. तोंडावर रंग आला होता. एका रविवारी आम्ही मयूरीला घेऊन गावाबाहेर शिरपामाळला गेलो. फिरायला आलेली पाहुणे मंडळी फोटो काढत होती, आम्ही एका बाजूला दगडावर बसलो. मयूरी नुकतीच पावलं टाकायला लागली होती. डुलत डुलत ती सुनीताकडे गेली आणि तिच्या गुडघ्याला मिठी मारली. सुनीताने तिच्या डोक्यावरून हात फिरवला, मग खांदे धरून तिला अलगद वळवलं आणि म्हणाली, "बाबांकडे जा." मयूरी माझ्याकडे आली. मला वाटलं, ती दमली असेल.

त्या रात्री मी म्हणालो, "आता दूध नाही, औषधही नाही. आज तिला तुझ्याजवळ झोपव. नुसतीच झोपेल."

"नको."

"का?"

"परत सवय लागेल."

"कशाची? दूध तर नाहीच आता."

ती अंथरूण घालत होती. चादरीचं टोक सरळ करत म्हणाली, "माझी."

मी उभाच राहिलो. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन जे सांगितलं होतं ते मी तिला सांगितलं नव्हतं. तिला कोणी सांगायची गरजच नव्हती. दूध तोडण्याच्या नावाखाली ती इतके दिवस काय तोडत होती, ते त्या चादरीच्या टोकाशी मला कळलं. मी म्हणालो, "असं करू नकोस गं." तेव्हा ती खाली बसली आणि म्हणाली, "मी गेल्यावर ती रात्री उठली आणि मला शोधायला लागली, तर तुम्ही काय कराल? तेव्हा काय वाटीत घालून द्याल तिला? आत्ता आहे मी. आत्ता रडली तर निदान जिवंत आईसाठी रडेल."

तिने हात पुढे केले आणि मी बांगड्यांवर चिंधी बांधली.

सुनीता पावसाच्या आधी गेली, आंबे पिकत होते तेव्हा. शेवटी ती मुंबईच्या इस्पितळात होती. मयूरी इकडे माझ्या आईपाशी. मी परत आलो त्या रात्री मयूरी माझ्याजवळ झोपली, आणि उजाडेपर्यंत उठली नाही. दुसऱ्या रात्रीही नाही. शेजारच्या बायका म्हणाल्या, पोर शहाणं आहे हो.

नंतर काही दिवसांनी काशी भट्टीवरून परतली. ओट्यावर टेकली, तिचं पोर अंगणात धावत होतं. तिने विचारलं, "वयनी कुठं?" मी सांगितलं. तिने डोक्यावरची पाटी उतरवली होती ती पुन्हा उचलली नाही, जीप भरून निघून गेली तरी बसून राहिली. मयूरी तिच्याजवळ गेली. काशीने तिला मांडीवर घेतलं, आणि या वेळी मयूरी रडली नाही.

पुढे माझी आई गेली, मी निवृत्त झालो, मयूरी ठाण्याला शिकली, नोकरीला लागली, लग्न झालं. आईवाचून वाढली, पण मुलगी हसरी निघाली. आई लहानपणीच आजारात गेली, एवढं तिला माहीत होतं. फोटो माहीत होता. रात्री बाबाच उठायचे हे तिने आजीकडून ऐकलं होतं आणि ती ते मैत्रिणींना कौतुकाने सांगायची. मी ते कौतुक कधी खोडलं नाही. दाराबद्दल बोलायचं म्हणजे सगळंच बोलावं लागलं असतं.

काल रात्री बाळ पिऊन झोपलं, तरी तिने दिवा तसाच ठेवला. मी पाणी घेऊन गेलो. ती म्हणाली, "बाबा, कामावर गेले की रात्रीचं जागरण झेपणार नाही म्हणतात सगळे. सवय मोड म्हणतात. मी रात्री उठायचे का हो?"

"उठायचीस."

"मग आई काय करायची?"

मी दाराच्या चौकटीशी बसलो आणि सांगितलं. एस.टी.तलं, कोरफडीचं, काशीचं. बांगड्यांचं. शिरपामाळचं. बाळाच्या पाठीवरचा तिचा हात थांबला होता.

"म्हणजे ती इथेच होती," शेवटी ती म्हणाली. "या खोलीत."

"तू बसली आहेस त्याच भिंतीला."

"आणि जागी होती."

"रोज."

मयूरी बराच वेळ त्या दाराकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मला तिचं काहीच आठवत नाही, बाबा. किती प्रयत्न करते. आवाजसुद्धा नाही."

मला तिला सांगायचं होतं की तुला आठवू नये म्हणूनच तिने ते सगळं केलं, आणि तिला ते जमलं. पण मी तांब्या तिच्याजवळ सरकवला.

"खूप रडायचे का मी?" तिने विचारलं.

"पहिले काही दिवस. मग नाही."

"आणि ती?"

"मला कधी ऐकू आलं नाही," मी म्हणालो.